डायवर काकाजींचा फिल्टर

खोली भाड्याने देणारे लोक काय काय विचारतात ते मला तोवर पाठ झालं होतं. गाव कोणतं, आडनाव काय, लग्न झालं का, नसेल तर का नाही, आणि भेटायला कोण कोण येणार. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. एकट्या बाईला खोली देणं म्हणजे गल्लीला विषय देणं. वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागल्यावर मी स्टेशनामागच्या त्या गल्लीत शिरले ती सगळी उत्तरं तयार ठेवूनच. ओसरीवर रेल्वेचा निळा, धुऊन धुऊन विटलेला कोट घातलेला एक उंच माणूस बसला होता. वय साठीच्या आसपास, पण खांदे ताठ. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं,

"तुमच्या गावचं पानी कसं आहे?"

"म्हणजे?"

"म्हंजे डाय शिजते का त्याच्यात?"

डाय म्हणजे डाळ, हे कळायला मला जरा वेळ लागला. इकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो हे साताऱ्याकडच्या माणसाला कोण सांगणार? मी म्हटलं, "आमचं गाव कृष्णेकाठी आहे. डाळ चांगली शिजते."

"मंग पोट नाजूक असन तुमचं," ते गंभीरपणे म्हणाले. "मऊ पान्यावर वाढलेलं." आणि आत वळून हाक दिली, "अवं, बाईले पानी आन."

आतून त्यांची बायको पेला घेऊन आली. ठेंगणी, गोरी, गुडघ्यावर हात टेकत चालणारी. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवीपर्यंत दोघंही माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अट सांगितली.

"या घरात पेयाचं पानी एकच, माह्या फिल्टरचं. नळाले तोंड लावाचं नाई, विहिरीचं आनाचं नाई, शायेत जातानी बाटली घरून न्याची. कबूल असन तं चावी घ्या."

आडनाव त्यांनी विचारलंच नाही. मला वाटतं, शेवटपर्यंत ते त्यांना माहीत नव्हतं.

गल्लीत त्यांना सगळे डायवर काकाजी म्हणत. आधी इंजिनावर कोळसा टाकणारे, मग मालगाडीचे ड्रायव्हर, शेवटी पॅसेंजरचे. नागपूर, भुसावळ, बल्लारशा या तिन्ही वाटांवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झालेली माणसं साहेबांच्या, अपघातांच्या, बढत्यांच्या गोष्टी सांगतात. काकाजी पाण्याच्या सांगत. कुठल्या स्टेशनावर इंजिनाला पाणी भरायचं आणि कुठल्या स्टेशनावर तहानेने जीव गेला तरी भरायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणी सांगितलं की मुलीला पुलगावला दिलीय, तर त्यांचा पहिला शब्द "पानी जड आहे तिथचं," आणि सेलूला दिलीय म्हटलं तर "पोरगी सुखात राहीन."

त्यांचं सगळं शास्त्र इंजिनातून आलेलं होतं. ओसरीच्या कोनाड्यात त्यांनी एक पांढरी, जाड, शिंपल्यासारखी खपली ठेवली होती. शेडमध्ये बॉयलर धुवायला काढला की नळ्यांतून अशा खपल्या निघत. पाहुणा चहा प्यायला बसला की काकाजी ती खपली त्याच्या हातात देत.

"हे इंजनाच्या पोटातून निघालं. नुसत्या पान्यानं झालं हे. लोखंडाच्या पोटात हे होते, तं तुमच्या पोटात काय होत असन?"

निम्मे पाहुणे चहा तसाच ठेवत. काकू आतून म्हणत, "अजी, पाहुन्याले पिऊ तं द्या."

फिल्टर म्हणजे मागच्या अंगणात लोखंडी घडवंचीवर एकावर एक ठेवलेली मातीची चार भांडी. घडवंची शेडमधल्या कुणा फिटर मित्राने करून दिली होती आणि ती हत्तीने धडक दिली तरी हलली नसती. सगळ्यात वरच्या मडक्यात नळाचं पाणी ओतायचं; तिथे तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यायचा. मग ते बारीक भोकातून, कापसाच्या वातीवरून दुसऱ्या मडक्यात ठिबकायचं. तिथे नदीची धुतलेली वाळू. तिसऱ्यात बाभळीचा कुटलेला कोळसा. आणि खाली मोठा रांजण, तोंडाला दुहेरी फडकं बांधलेला. दिवसभर अंगणात त्या ठिबकण्याचा आवाज चाले. पहिले काही दिवस मला वाटे कुठेतरी नळ गळतोय. नंतर तो आवाज थांबला की मी अभ्यास तपासताना मान वर करून पाही.

गल्लीतल्या बायकांच्या पाण्याच्या तऱ्हांवर त्यांची मतं ठाम होती. कुणी निवळीच्या बिया घागरीत आतून घासत. त्याला ते "म्हातारीचं औषध, पन बरं आहे" म्हणत. कुणी नळाला नुसतं फडकं बांधत, त्याला "अर्धी तपासनी." नगरपालिकेची माणसं विहिरीत लाल दवा टाकून गेली की काकाजी विहिरीच्या कठड्याशी उभे राहून पाण्याचा रंग पाहत आणि घरी येऊन सांगत, "रंग चांगला आला आज." जसं काही लग्नाच्या शालूबद्दल बोलताहेत.

रविवारी वाळू धुवायची. दोन बादल्या वाळू पाण्यात खळबळून ते गच्चीवर उन्हात पसरत आणि तिच्याशेजारी काठी घेऊन बसत, कारण गल्लीतल्या मांजरांना ती वाळू आपल्यासाठीच आणून टाकलीय असं वाटे. भर उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून, मांजरांवर पहारा करणारे काकाजी मी कितीतरी रविवारी पाहिले. एकदा मी म्हटलं, "काकाजी, एखादं पोतं का नाही घालत वरून?"

"पोत्यानं ऊन कसं लागन, बाई?" ते म्हणाले. "आन मांजर काय, पोतं उचलन."

हा माणूस असा का, हे मला काकूंनी सांगितलं. एका संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी पदर सावरत उजवा पाय पुढे केला आणि घोट्याच्या वरची एक खोल, सुरकुतलेली खूण दाखवली. "नारू निघालता मले. लगनाच्या दुसऱ्याच वर्षी."

काकाजींचं मूळ गाव हिंगणीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. तिथे पायऱ्यांची विहीर. बाया गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरत, आणि तेच पाणी घरोघर पीत. पाण्यातून नारू पोटात जाई आणि वर्षभराने पाय फोडून दोऱ्यासारखा बाहेर येई. नव्या सुनेच्या पायातून तो निघाला तेव्हा सासूने तो काडीवर गुंडाळायला घेतला, रोज थोडा थोडा. ओढताना तुटला तर पाय जाई. नुकतेच इंजिनावर लागलेले काकाजी रजेवर घरी आले होते. त्यांनी ते पाहिलं.

"हे दारात उभे होते," काकू म्हणाल्या. "तोंड पांढरं फक. मी रडून राह्यली होती, पन ह्यायचं तोंड पाहून माहंच रडनं थांबलं. मले वाटलं, हे पडतेत आता. दुसऱ्या दिवशी मले उचलून बैलगाडीत घातलं आन वर्ध्याले आनलं. म्हने, माह्या घरात आता गायल्याबिगर पानी नाई." त्या हसल्या. "तवापासून चालू आहे हे. तवा एक मडकं होतं. मंग दोन झाले. आता पाहा."

म्हणजे ती खपली, ते बॉयलरचं शास्त्र, पाहुण्यांना दिलेली भाषणं, हे सगळं नंतरचं. मुळात एका पोरसवदा माणसाने बायकोचा पाय पाहिला होता. हे कळल्यावर मी बाटली न कुरकुरता शाळेत नेऊ लागले.

माझ्या तिथल्या तिसऱ्या पावसाळ्यात काकूंचे गुडघे फारच धरले. त्या वर्षी घरच्या महालक्ष्म्या शेजारणींनी येऊन मांडल्या. काकू पाटावर बसून नुसतं सांगत होत्या. आखाडापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. सण आटोपला आणि त्यांना ताप आला. थंडीताप असेल म्हणून कोयनेल दिलं. ताप हटला नाही. रोज संध्याकाळी चढे, सकाळी थोडा उतरे, आणि दर दिवशी कालच्यापेक्षा जरा वरच असे. त्याच सुमारास समोरच्या टेलरच्या घरात त्याचा भाऊ आणि आई, दोघंही तापाने पडली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नागपूरच्या. आधी टेलरकडे जाऊन मग त्या आमच्याकडे आल्या. काकूंची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं, मला तापाचा चढउतार विचारला. बाहेर ओसरीवर येऊन त्या म्हणाल्या, "मुदतीचा ताप दिसतो, टायफॉइड. नवं औषध आलंय, ते देऊ. पण सांभाळायला हवं, वय आहे. पाणी कुठलं पिता?"

हा प्रश्न ऐकायची काकाजींनी जन्मभर वाट पाहिली असेल. ते त्यांना अंगणात घेऊन गेले. रांजणातून काचेच्या पेल्यात पाणी काढून उजेडासमोर धरलं.

"पाहा. काचेवानी आहे का नाई?"

डॉक्टरीणबाईंनी पेला पाहिला, घडवंची पाहिली. त्यांना ती खरोखर आवडली असावी; त्यांनी वातीला बोट लावून पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "काकाजी, मेहनत खूप घेतलीय तुम्ही. ह्यानं गाळ जातो, वास जातो, नारूसुद्धा अडतो. पण ह्या तापाचे जंतू फार बारीक असतात. ते वाळूतून जातात, कोळशातून जातात. पाणी काचेसारखं दिसतं आणि तरी त्यात ते असतात. उकळल्याशिवाय मरत नाहीत."

"मंग ह्या बाईले काऊन नाई झालं? मले काऊन नाई झालं? आमी तं हेच पेतो."

"एका ताटात जेवणाऱ्या सगळ्यांनाच ताप येतो असं नाही."

काकाजी पेला धरून उभेच राहिले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "नाई," ते म्हणाले. "तिनं बाहेरचं पेलं असन. कोठंतरी पेलं असन." आणि ते तसेच आत गेले, खाटेशी. डॉक्टरीणबाई आणि मी मागोमाग.

"अवं," ते वाकून म्हणाले, "तू बाहेर कोठं पानी पेलतं का? खरं सांग. मी रागावत नाई."

काकूंनी डोळे उघडले. तापाने लाल झालेले डोळे. त्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कोरड्या ओठांनी म्हणाल्या, "हाव."

"कोठं?"

"देवयात. पोथीले गेलती मी... तहान लागली, तं तिथच्या विहिरीचं पेली."

काकाजींनी सोडलेला श्वास मला दारात ऐकू आला. "सांगतलं नव्हतं तुले?" ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता, सुटका होती. "चाळीस वर्सं सांगून राह्यलो." आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून, "पाहा. मी म्हनलं नाई?"

आखाडापासून ज्या बाईने उंबरा ओलांडला नव्हता, ती पोथीला देवळात कशी जाईल? मला ठाऊक होतं, शेजारणींना ठाऊक होतं. काकाजींनाही ठाऊक असायला हवं होतं. पण त्या क्षणी त्यांना ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांना ते नको होतं. काकू माझ्याकडेच पाहत होत्या. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. डॉक्टरीणबाई जाताना मला म्हणाल्या, "कुठलंही असो, त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना उकळलेलंच द्या."

पुढचे दिवस वाईट गेले. ताप वर चढला की काकू बडबडत, कधी माहेरच्या गाई हाकत, कधी सासूला म्हणत, "हळू गुंडाळ, माय." मी शाळेतून रजा घेतली. पाणी मी चुलीवर उकळून, गार करून, चमच्याने पाजत होते. काकाजी त्याला हरकत घेत नव्हते. "रोग्यापुरतं ठीक आहे," म्हणत. स्वतः मात्र रांजणातलंच पीत, आणि मुद्दाम माझ्यासमोर पीत. वाळूही त्यांनी रविवारी नेमाने धुतली. फक्त मांजरांना हाकलायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. गच्चीवर काठी आडवी पडलेली असे आणि ते खाली खाटेशी बसलेले असत.

एके दिवशी सकाळी ताप जरा उतरला होता आणि काकूंना झोप लागली होती. काकाजी खोली झाडायला म्हणून उठले. मी स्वयंपाकघरात चुलीवर पातेलं ठेवून बसले होते. बराच वेळ केरसुणीचा आवाज आला नाही. मग ते दारात आले. हातात काकूंच्या चपला होत्या. खाटेखाली, भिंतीला लागून पडलेल्या.

"बाई," ते म्हणाले, "हे पाहा."

चपलांवर धुळीचा जाड थर होता. एका चपलेच्या अंगठ्यापासून तळापर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं होतं, आणि ते जाळंही जुनं, धुळीने भरलेलं.

मी फुंकणी खाली ठेवली.

"ती गेलतीच नाई," ते म्हणाले. "कोठंच गेली नाई." ते माझ्यासमोर जमिनीवर बसले, चपला मांडीवर घेऊन. "तुमाले मालूम होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"डॉक्टरीनबाईले?"

"त्यांनाही कळलं असेल."

पातेल्याला उकळी फुटली. झाकण थडथडू लागलं, कडेने वाफ बाहेर पडू लागली. मी उठून काढणार, तर त्यांनी हात वर केला. ते त्या झाकणाकडे पाहत होते, उडणाऱ्या, वाजणाऱ्या. ज्या वाफेवर त्यांनी गाड्या ओढल्या होत्या तीच ती वाफ.

"जिंदगीभर पानी उकयलं मी," ते म्हणाले. "टाक्याच्या टाक्या उकयल्या. फक्त पेयाचं तेवढं राह्यलं."

मग त्यांनी चपलांवरची धूळ पंच्याने पुसली. जाळं बोटाने काढलं, अगदी जपून, आणि चपला खाटेशी जिथे पाय खाली टेकेल तिथे जोडीने ठेवल्या.

मला वाटलं, आता हे फिल्टर फोडतील, किंवा महिनाभर कुणाशी बोलणार नाहीत. त्यांनी तसं केलं नाही. कोट अंगात घातला, गुंड्या लावल्या, आणि बाहेर पडले. मी खिडकीतून पाहत होते. ते आधी समोर टेलरकडे गेले. टेलर दारात मशीनवर बसला होता.

"ऐक," काकाजी उभ्यानेच म्हणाले. "माह्या फिल्टरनं हा ताप थांबत नाई. माह्याच घरात झाला, माह्याच पान्यानं झाला. पानी उकयून पे. सगळे उकयून प्या."

टेलरचं घर तापाने हैराण झालेलं. त्याने मशीन थांबवलं. "अजी काकाजी, मंग इतके वर्सं आमचं डोकं खाल्लं थे?"

"हाव," काकाजी म्हणाले. "खाल्लं. आता उकयून पे."

पुढच्या घरी कुणी हसलं. तिसऱ्या घरातल्या बाई म्हणाल्या की तुमची खपली इतकी दाखवलीत, आता काय दाखवता? ते सगळीकडे तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगत गेले: माह्याच घरात झाला, माह्याच पान्यानं झाला. कुणाशी वाद नाही, खुलासा नाही. ज्या गल्लीला वर्षानुवर्षं शिकवलं, तिच्या एकेका दारात उभं राहून त्यांनी आपलं शास्त्र परत घेतलं. परत आले तेव्हा खांदे ताठच होते, पण ओसरीवर बसताना त्यांनी खांबाला धरलं.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचे ओव्हरसियर माणसं घेऊन आले आणि गल्लीच्या आमच्या टोकाच्या घरांकडे येणारी नळी खणून काढली. गटाराखालून जाताना एका सांध्यापाशी ती गंजून चाळण झाली होती. नळ सकाळी थोडा वेळ येई आणि दुपारी थोडा वेळ. मधल्या वेळात नळी रिकामी झाली की गटाराचं पाणी आत ओढून घेई. कुणाला दोष द्यायचा? जुनं लोखंड होतं, गंजलं. नवी नळी गटाराच्या वरून नेली, पाण्यात जंतू मारायची पूड टाकली. काकाजी तो गंजका तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मला वाटलं, आता हाही कोनाड्यात जाणार. पण त्यांनी तो खड्ड्यात परत टाकला.

नवं औषध लागू पडलं. काकू उठल्या, पण डोक्यावरचे केस मूठमूठ गळाले. काकाजींनी बाजारातून मऊ, निळा रुमाल आणून दिला. अंगणात त्यांनी विटांची चूल मांडली, तीवर तांब्याचं मोठं भांडं. पाणी आता सगळ्या मडक्यांतून ठिबकून खाली आलं की भांड्यात जाई, खळखळ उकळे, आणि मग दुसऱ्या झाकलेल्या रांजणात. काही दिवस गल्लीतली माणसं कळशा घेऊन त्यांच्याकडे उकळलेलं पाणी न्यायला येत. नवी नळी बसल्यावर हळूहळू थांबली. उकळलेलं पाणी बेचव लागतं, जळणही लागतं. काकाजींनी कुणाला टोकलं नाही. भाषणं बंद झाली होती.

एक भाषण मात्र नवीन सुरू झालं. कुणी काकूंना भेटायला आलं, की ते सांगत, "माह्या फिल्टरनं हिले ताप आनला." आणि आतून, हटकून, काकूंचा आवाज येई, "काही नाई हो! मी देवयातलं पेलती. फिल्टर चांगला आहे."

"तू गप."

"काऊन गप? मी पेली थे मले मालूम."

पाहुणे गोंधळून एकदा ओसरीकडे, एकदा आत पाहत. इतकी वर्षं हा माणूस फिल्टरची बाजू घेत होता आणि बायको हसत होती. आता तो फिल्टरवर आरोप करी आणि ती फिल्टरची वकिली करी. कधीकधी तर भांडण इतकं रंगे की पाहुण्याला पाणीच मिळत नसे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी ते गच्चीवर वाळू धूत होते. काकूंच्या डोक्यावर नवे, मऊ, बाळासारखे केस उगवायला लागले होते, आणि मी त्यांना तेल लावत होते. मी म्हटलं, "काकू, आता तरी कबूल करा ना. त्यांना सगळं कळलंय. चपला पाहिल्यात त्यांनी."

"मालूम आहे मले," त्या म्हणाल्या. "मी जागीच होती तवा."

"मग?"

वरून मांजराला हाकलल्याचा आवाज आला, आणि काठी आपटल्याचा. काकूंनी जरा थांबून ऐकलं.

"पोरी," त्या म्हणाल्या. मला त्या एरवी बाई म्हणत. "रेल्वेची नोकरी सुटली तवा हे चार महिने भिंतीकडं तोंड करून निजत. जेवत नव्हते धड. मंग एक दिवस उठले आन म्हने, कोयशाचं मडकं वाढवतो. तवापासून मानूस दिसाले लागला. मी हाव म्हनलं असतं, तुमच्या पान्यानं झालं, तं त्या दिवशीच फोडून टाकलं असतं त्यायनं सगळं. मंग उद्या उठून काय करतीन?"

मी तेल लावत राहिले. तेवढ्यात वरून हाक आली, "अवं, नळ आला का पाह्य!" आणि त्या, माझ्या हाताखालून, तेलाच्या डोक्यानेच उठल्या.

पुढे माझं लग्न झालं आणि मी नागपूरला गेले. जाताना काकाजींनी मला दिलेला सल्ला एकच: गाळा आणि उकळा, दोन्ही. काही वर्षांनी, एका थंडीत, काकू झोपेतच गेल्याचं कळलं. मी गेले तोवर दिवस होऊन गेले होते.

घर तसंच होतं. माझ्या खोलीत आता रेल्वेतला एक तरुण कारकून राहत होता. तो ओसरीवर बसला होता. काकाजींनी मला उकळलेलं पाणी आणून दिलं, पेला खाली ठेवेपर्यंत माझ्याकडे पाहत उभे राहिले. खूप वाळले होते. कोट खांद्यांवरून लोंबत होता. अंगणात ठिबकण्याचा आवाज चालू होता.

बोलता बोलता त्या कारकुनाने सहज विचारलं, "काकाजी, गल्लीत म्हणतात, काकूंना पूर्वी मोठा ताप आला होता म्हणे? या फिल्टरच्या पाण्यानं?"

मी काकाजींकडे पाहिलं. हेच तर त्यांनी इतकी वर्षं, प्रत्येक पाहुण्याला, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. ते थोडा वेळ आतल्या दाराकडे बघत राहिले. आतून कुणी काही बोललं नाही.

"नाई," ते म्हणाले. "ती देवयात गेलती, पोथीले. तिथच्या विहिरीचं पेली." मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, डोळ्याला डोळा भिडवून. "तिनं सोता सांगतलं. या बाई होत्या तिथं. विचारा त्यायले."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "मी होते तिथे."